पानथरी काढल्यावर काय होतं? लोक सारखे विचारतात ते प्रश्न

मी डॉक्टर नाही. बीड जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझं मेडिकल दुकान आहे. २०१६ साली धाकट्या भावाची मोटारसायकल उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळली, पानथरी फाटली आणि रात्रीतून काढावी लागली. तेव्हा हिंडून, डॉक्टरांना विचारून, वाचून जे कळलं ते मी दोनचार जणांना सांगितलं, त्यांनी आणखी चौघांना माझा नंबर दिला, आणि आता काउंटरवर नाहीतर व्हॉट्सॲपवर आठवड्याला एक तरी माणूस हेच विचारायलाय. म्हणून एका जागी लिहून काढलं. गोळ्यांचे डोस मी मुद्दाम लिहिले नाहीत, ते तुमच्या डॉक्टरकडून लिहून घ्या. आणि सगळं वाचायला वेळ नसेल तर निदान तापाचा प्रश्न तेवढा वाचा.

पानथरी म्हणजे नेमकं काय? प्लीहा वेगळी अन् पानथरी वेगळी का?

एकच. पुस्तकात प्लीहा, डॉक्टर स्प्लीन म्हणतात, आपल्याकडची म्हातारी माणसं पानथरी म्हणतात. पोटात डाव्या बाजूला वर, नववी ते अकरावी बरगडी असते तिच्या आड, मुठीएवढी आणि साधारण दीडशे ग्रॅमची. निरोगी माणसात हाताला लागत नाही, हाताला लागली म्हणजे वाढलेली आहे. आयुर्वेदात आठ प्रकारचे उदररोग सांगितलेत त्यातला एक प्लीहोदर, म्हणजे पानथरी वाढून पोट फुगतं हे आपल्या लोकांना जुनंच ठाऊक.

काम दोन प्रकारचं. एक गाळणीचं, म्हाताऱ्या झालेल्या तांबड्या पेशी ती मोडीत काढते. दुसरं राखणदाराचं, रक्तात शिरलेले काही जंतू, खास करून ज्यांच्या अंगावर साखरेसारखं चिकट कवच असतं ते, पकडायचं काम मुख्यतः तीच करते. हे कवचवाले जंतू लक्षात ठेवा, पुढं सगळी भानगड त्यांचीच आहे. शिवाय अंगातल्या प्लेटलेटपैकी जवळपास एक तृतीयांश तिच्यात साठून असतात.

ती काढली तर माणूस जगतो का? किती दिवस?

जगतो, आणि चांगला जगतो. गाळणीचं काम लिव्हर बऱ्यापैकी उचलतं. भाऊ आज शेती करतो, ट्रॅक्टर चालवतो, मटण खातो. पथ्यपाणी असं काही नाही, उपास धरले तरी चालतं. फरक एकच, राखणदाराची जागा लिव्हरला पुरती भरून काढता येत नाही, त्यामुळं जंतूसंसर्गाचा धोका जन्मभर राहतो. पहिल्या दोनतीन वर्षांत जास्त, लहान लेकरांत जास्त, पण वीस वर्षांनी सुद्धा शून्य होत नाही.

अपघातात पानथरी फाटली म्हणजे काढावीच लागते का?

नाही, आणि हे मला २०१६ ला माहीत नव्हतं. पेशंटचं बीपी टिकून असेल तर सीटी स्कॅन करून जखम किती खोल आहे ते बघतात आणि आयसीयूत ठेवून नुसतं लक्ष ठेवतात, हिमोग्लोबिन परत परत तपासतात. बरेच जण बिनऑपरेशनचे सुटतात, लेकरं तर बहुतेक. काही मोठ्या दवाखान्यांत मांडीतून नळी घालून रक्तस्राव होणारी नस बंद करतात, त्यानंही पानथरी वाचते. पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा विसावा हिस्सा एकट्या या अवयवात जातो, त्यामुळं बीपी पडायला लागलं आणि रक्त चढवूनही थांबेना तर काढण्याशिवाय इलाज नसतो. भावाचं तसंच होतं. तिथं डॉक्टरशी वाद घालण्यात वेळ घालवू नका.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. डाव्या बरगडीला मार लागलाय, बैलानं शिंग मारलंय, दिवसभर ठीक वाटलं आणि दोनचार दिवसांनी अचानक चक्कर, पोटात दुखणं, डाव्या खांद्यात कळ असं झालं तर ती उशिरा फुटलेली पानथरी असू शकते. खांद्याला बाम चोळत बसू नका.

दुर्बिणीतून करावं की पोट उघडून? घरी कधी सोडतात?

ठरवून करायचं असेल आणि पानथरी फार मोठी नसेल तर दुर्बीण बरी, १९९१ पासून हे ऑपरेशन तसं होतंय. दोनचार दिवसांत घरी. अपघातात पोट उघडूनच करतात, तिथं आठवडाभर धरून चला. दुर्बिणीनंतर एकदोन दिवस खांदा दुखतो, तो पोटात भरलेल्या गॅसचा, घाबरू नका. जड उचलणं, मोटारसायकलवर खड्ड्यातून जाणं महिना दीड महिना बंद. आपल्याकडचे रस्ते बघता मी दोन महिने म्हणीन.

ऑपरेशनमध्ये अन् नंतरच्या महिन्याभरात काय काय बिघडू शकतं?

रक्तस्राव तर कुठल्याही ऑपरेशनला असतो. इथली खास गोष्ट म्हणजे स्वादुपिंडाचं शेपूट पानथरीला अगदी लागून असतं, त्याला धक्का लागला तर त्यातला रस पोटात पाझरतो, मग नळी जास्त दिवस ठेवावी लागते. डाव्या फुप्फुसाखाली पाणी होणं किंवा कफ अडकून ताप येणं हे बऱ्याच जणांना होतं, म्हणून ते तीन बॉलचं श्वास आत ओढायचं यंत्र देतात. लोक ते खेळणं समजून लेकराला देऊन टाकतात, तसं करू नका, त्यातून खरंच श्वास ओढायचाय. पानथरीच्या रिकाम्या जागेत पू होऊ शकतो.

आणि एक गुपचूप येणारी गोष्ट, लिव्हरकडं जाणाऱ्या मोठ्या शिरेत रक्ताची गाठ. पहिल्या काही आठवड्यांत पोटात दुखायलंय, मळमळ, बारीक ताप, असं असलं तर डॉप्लर सोनोग्राफी करून घ्या, ॲसिडिटीची गोळी घेऊन झोपू नका. पानथरी खूप मोठी होती किंवा आजार रक्ताचा होता अशांना हा धोका जास्त. पायाच्या शिरेत गाठ व्हायचा धोकाही नंतर थोडा वाढलेला राहतो.

ऑपरेशननंतर प्लेटलेट ११ लाख आलेत, कॅन्सर तर नाही ना?

नाही हो. ज्या प्लेटलेट पानथरीत साठायच्या आणि मोडीत निघायच्या त्या आता रक्तातच फिरतात, त्यामुळं आकडा चढतो, पहिल्या दोनतीन आठवड्यांत सगळ्यात वर जातो आणि मग काही आठवडे ते महिन्यांत उतरतो. आकडा फार वर असला की डॉक्टर ॲस्पिरिन देतात. आपल्या मनानं सुरू करू नका, मनानं बंदही करू नका. रिपोर्टमध्ये हॉवेल जॉली बॉडी असं काही दिसलं तरी दचकू नका, पानथरी नसल्याची ती खूण आहे, रक्तात जन्मभर दिसते.

ताप आला तर काय करायचं? सकाळपर्यंत थांबलं तर चालतं का?

चालत नाही.

वर सांगितले ते कवचवाले जंतू, मुख्य म्हणजे न्यूमोकोकस, पानथरी नसलेल्या माणसाच्या रक्तात शिरले तर तासातासाला वाढतात. सुरुवात अगदी साध्या तापासारखी. कणकण, हुडहुडी, अंगदुखी, उलटी, कधी जुलाब. दुपारी कणकण असलेला माणूस रात्री बीपी पडून बेशुद्ध, अंगावर जांभळे डाग, असं होऊ शकतं. हे क्वचित होतं, पण झालं तर निम्म्यापर्यंत लोक दगावतात. १९५२ साली अमेरिकेत दोन सर्जननी पानथरी काढलेल्या तान्ह्या बाळांत हे पहिल्यांदा नोंदवलं, तोवर जग समजत होतं की ही नसली तरी काही अडत नाही.

म्हणून आमच्या घरचा नियम असा. थर्मामीटरवर १००.४ किंवा वर, किंवा ताप नसला तरी जोरात हुडहुडी, की घरात ठेवलेल्या अँटिबायोटिकचा पहिला डोस लगेच घ्यायचा, बहुतेकांना ॲमॉक्सिसिलिन क्लॅव्ह लिहून देतात, पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर दुसरी, आणि गाडी काढायची, नाहीतर १०८ ला फोन. गोळी घेतली म्हणून दवाखाना टळत नाही, गोळी फक्त रस्त्यातल्या वेळेसाठी. गल्लीतल्या डॉक्टरकडं सलाईन लावून घेणं म्हणजे वेळ घालवणं, सलाईनमध्ये अँटिबायोटिक नसतं. जिथं शिरेतून इंजेक्शन मिळतं आणि रात्री डॉक्टर असतो तिथंच जा. तिथं गेल्यावर पहिलं वाक्य "ताप आहे" नाही, "याची पानथरी काढलेली आहे" हे. केसपेपर काढणारा, नर्स, डॉक्टर, तिघांनाही सांगा. सेफ्ट्रियाक्सोन इंजेक्शन तालुक्याला पण असतं, रिपोर्टची वाट न बघता पहिलं इंजेक्शन जावं एवढंच बघायचं.

२०१९ च्या दिवाळीत भाऊ म्हणाला, "दादा, कणकण आहे, फराळाचं जास्त झालं असंल, सकाळी बघू." अर्ध्या तासानं त्याच्या हाताची बोटं गार पडली होती. रात्री साडेअकराला अंबाजोगाईला नेला, वाचला. डॉक्टर म्हणाले, सकाळी आणला असता तर सांगता आलं नसतं.

पाकिटात एक चिठ्ठी ठेवा, मराठीत आणि इंग्रजीत: पानथरी काढलेली आहे, कोणत्या साली काढली, लशींच्या तारखा, कशाची ॲलर्जी, घरच्यांचा नंबर. लॅमिनेशनला फार तर वीसेक रुपये लागतात.

लशी कोणत्या आणि कधी घ्यायच्या?

ठरवून ऑपरेशन असेल तर निदान दोन आठवडे आधी. अपघातात तातडीनं झालं असेल तर साधारण १४ दिवसांनी, कारण लगेच दिली तर अंग तिला नीट उत्तर देत नाही. पण पेशंट परत येईल याचा भरवसा नसेल तर सुट्टी देतानाच देऊन टाकतात, काहीच नसण्यापेक्षा ते बरं.

न्यूमोकोकलची आधी कॉंज्युगेट लस (जंतूच्या कवचाला प्रोटीन जोडून केलेली), मग निदान ८ आठवड्यांनी २३ प्रकारांवरची, आणि ती परत ५ वर्षांनी. २० प्रकारांवरची नवी कॉंज्युगेट मिळाली तर २३ वालीची गरज राहत नाही. मेनिंगोकोकलचे (मेंदूज्वराच्या जंतूवरच्या लशीचे) दोन डोस ८ आठवड्यांच्या अंतरानं आणि मग दर ५ वर्षांनी. हिब (हिमोफिलस इन्फ्लुएंझा बी या कवचवाल्या जंतूवरची लस) लहानपणी झाली नसेल तर एक डोस. फ्लूची दरवर्षी. मेनिंगोकोकलच्या एका ब्रँडचा न्यूमोकोकल लशीशी खटका आहे, ती न्यूमोकोकलनंतर ४ आठवडे सोडून द्यावी लागते, म्हणून दोन्ही एका दिवशी टोचायच्या आधी डॉक्टरला ब्रँड दाखवून विचारा.

लशी घेतल्या म्हणजे तापाचा नियम सुटला असं नाही. लस सगळ्या जंतूंवर नसते.

पीएचसीत (प्राथमिक आरोग्य केंद्रात) गेलो तर म्हणाले ही लस लहान लेकरांची आहे, तुम्हाला नाही. मग कुठं घ्यायची?

ते खोटं बोलत नाहीत. न्यूमोकोकल आणि पेंटावॅलंटमधली हिब सरकारी कार्यक्रमात बाळांसाठी येते, मोठ्या माणसाच्या नावावर तिथं साठा नसतो. मोठ्यांना बहुतेक वेळा विकतच घ्यावी लागते, आणि स्वस्त नाही, हजारांत जाते. मेनिंगोकोकलची चौकशी हजला जाऊन आलेल्यांकडं करा, त्यांना ती घ्यावीच लागते, त्यामुळं कुठं मिळते हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. मला स्वतःला पहिला पत्ता आमच्या शेजारच्या चाचांनीच दिला.

आणताना मात्र जपून. मी भावाची लस लातूरहून थर्माकोलच्या डब्यात आणली, खाली जेलचा बर्फ, त्यावर घडी केलेला टॉवेल, त्यावर लस. सिरिंज थेट बर्फाला टेकू द्यायची नाही, गोठलेली लस गेली कामातून. उन्हाळ्यात एसटीच्या खिडकीत पिशवी लटकवून आणलेली लस मी टोचू दिली नाही, माणूस चिडला माझ्यावर, चिडू दे.

ऑपरेशन होऊन दहा वर्षं झाली, लस कुणी सांगितलीच नाही. आता उपयोग आहे का?

आहे, आज घ्या. आमच्या डिस्चार्ज कार्डावर टाके कधी काढायचे ते लिहिलं होतं, लशीचं अवाक्षर नव्हतं, आम्हाला चार महिन्यांनी दुसऱ्याच डॉक्टरकडून कळलं. किती गावांत असे लोक असतील, ज्यांच्या पोटावर उभा व्रण आहे आणि काय काढलंय हेच माहीत नाही. जुनी कागदं शोधा. सापडत नसतील तर सोनोग्राफीत कळतं.

रोज अँटिबायोटिकची गोळी जन्मभर घ्यावी लागते का?

लेकरांना रोज पेनिसिलिन देतात, निदान ५ वर्षांचं होईस्तोवर आणि ऑपरेशननंतर एकदोन वर्षं तरी. मोठ्यांचं प्रत्येकाचं वेगळं, एकदा असा गंभीर संसर्ग होऊन गेलाय, किंवा रक्ताचा आजार आहे, प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू आहेत, अशांना लांबपर्यंत देतात. बाकीच्यांना रोजची नसली तरी घरात ठेवायची गोळी पाहिजेच. तिची एक्सपायरी बघत जा, मी पोळ्याला आणि पाडव्याला बघतो, तेवढं लक्षात राहतं.

आयटीपी (अंगच आपल्या प्लेटलेट मोडतं तो आजार) आहे, प्लेटलेट वाढंनात. पानथरी काढली की आजार जातो का?

साधारण तीनातल्या दोघांना चांगला आणि टिकणारा फायदा होतो, तिसऱ्याला नाही, आणि कुणाला होईल हे आधी खात्रीनं सांगता येत नाही. आता आजाराचं निदान झाल्यापासून कमीत कमी वर्षभर थांबा असं सांगतात, कारण कधी आजार आपोआप शांत होतो आणि एल्ट्रोम्बोपॅगसारख्या गोळ्या, रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन असे दुसरे रस्तेही आहेत. स्टेरॉइडनं तोंड सुजलंय म्हणून वैतागून ऑपरेशनला उभं राहू नका.

चांगला गुण येऊन परत प्लेटलेट पडल्या तर एक शंका घ्या. काही लोकांना जन्मतःच बोराएवढी जास्तीची पानथरी असते, ती ऑपरेशनमध्ये नजरेतून सुटली तर तीच पुढं वाढून कामाला लागते. स्कॅनमध्ये शोधता येते.

लेकराला थॅलेसेमिया आहे, रक्त लवकर लवकर चढवावं लागायलंय, डॉक्टर पानथरी काढा म्हणतात.

पानथरी वाढून चढवलेलं रक्तच खायला लागली तर काढल्यावर पिशव्या कमी लागतात, हा फायदा खरा. पण आजार जात नाही, आणि पुढं रक्ताच्या गाठी, फुप्फुसाच्या नसांतला दाब वाढणं हे धोके या मुलांत जास्त, म्हणून हल्ली डॉक्टर आधीसारखी घाई करत नाहीत. शक्यतो वय ५ ते ६ च्या पुढं जाऊ देतात. स्फेरोसायटोसिस म्हणून गोल पेशींचा घराण्यातून येणारा आजार असतो त्यात मात्र गुण फार चांगला, हिमोग्लोबिन चढतं, कावीळ उतरते. तिथं ऑपरेशनआधी पित्ताशयात खडे आहेत का ते बघून घ्या, असतील तर एकदमच उरकता येतं.

सिकलसेल आहे पण पानथरी काढली नाही. मग हे नियम आम्हाला कशाला?

कारण सिकलसेलमध्ये, दोन्हीकडून जीन आलेल्या मुलांत, पानथरी लहानपणीच आतल्या आत सुकून निकामी होते. पोटात आहे पण कामाची नाही. किनवट, माहूरकडच्या लोकांनी हे खास वाचा: ताप, लशी, रोजची गोळी सगळं तसंच लागू. उलट लहान लेकराची पानथरी अचानक मोठी होऊन लेकरू पांढरंफटक पडलं तर त्यात रक्त अडकलंय, ती इमर्जन्सी आहे.

दारूनं लिव्हर खराब झालं, पानथरी वाढलीय. ती काढली तर बरं वाटंल का?

वाढलेली पानथरी तिथं परिणाम आहे, कारण लिव्हर. काढून लिव्हर सुधरत नाही, आणि शिरेत गाठ व्हायचा धोका अशा पेशंटला फार.

ऊसतोडीला जाऊ का? शेतात कुत्रं चावलं तर?

जा, पण वर सांगितलेली गोळी, चिठ्ठी आणि थर्मामीटर कोप्यावर (ऊसतोडीच्या झोपडीत) पाहिजे, आणि मुकादमाला माहीत पाहिजे. सहा महिने कर्नाटकात नाहीतर कोल्हापूरकडं असता, रात्रीचा दवाखाना कुठं आहे ते पोचल्या दिवशी विचारून ठेवा. मच्छरदाणी लावा, पानथरी नसलेल्याला मलेरिया जास्त जोरात येतो. कुत्रं चावलं किंवा नुसतं चाटलं आणि जखम उघडी होती, तर रेबीजची लस आहेच, पण शिवाय कुत्र्याच्या लाळेतला एक जंतू अशा माणसाला भारी पडतो, त्यासाठी अँटिबायोटिक त्याच दिवशी घ्यावं लागतं. सरकारी दवाखान्यात रेबीजची सुई देऊन पाठवतील, पानथरीचं तुम्ही सांगितल्याशिवाय त्यांना कळायचं नाही.

खर्च योजनेत बसतो का?

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत नाव असलेल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो, भरती व्हायच्या आधी किंवा लगेच त्याला गाठा, रेशनकार्ड आणि आधार घेऊन. अंबाजोगाई, लातूर, नांदेडची सरकारी मेडिकल कॉलेजं आणि संभाजीनगरची घाटी इथं ऑपरेशनचा खर्च फार येत नाही. लशींचं मात्र भरती असतानाच लेखी विचारून घ्या, घरी आल्यावर ते खिशातूनच जातं.

पानथरी वाढलीय तर डाग दिला, पपईचा रस दिला तर जिरते का?

डाग देऊ नका. लेकराच्या पोटावर तापलेला विळा ठेवून पानथरी जिरत नाही, वर जखम होते. आणि त्या लेकराची पानथरी पुढं काढायची वेळ आली तर त्याच कातडीतून ऑपरेशन करायचंय. पपईच्या पानांचा रस प्यायचा तर प्या, पण डॉक्टरला सांगून, आणि त्याच्या भरवशावर तपासणी पुढं ढकलू नका.

भावाचं लग्न जमायलंय. मुलीकडच्यांना सांगावं का? लेकरंबाळं होतात का?

होतात, पानथरीचा त्याच्याशी काही संबंध नाही. बाईची काढलेली असली तरी गरोदर राहायला अडचण नाही, लशी तेवढ्या आधी पूर्ण करा. आजार घराण्यातून येणारा असेल, थॅलेसेमिया, सिकलसेल, स्फेरोसायटोसिस, तर मुलाचं आणि मुलीचं दोघांचं रक्त तपासून डॉक्टरशी बोलून घ्या, तिथं प्रश्न पानथरीचा नसून त्या आजाराचा आहे.

सांगावं, माझं मत. आम्ही सुपारी फोडायच्या आधी सांगितलं, एक स्थळ मोडलं, दुसऱ्यांनी विचारलं, "मग ताप आल्यावर काय करायचं असतं?" त्याच घरची सून आली. आता गोळ्यांची डबी देव्हाऱ्याच्या खालच्या फळीवर असते आणि एक्सपायरी तीच बघते.